नकाशातला नळ

चौथा माणूस टँकरच्या रांगेत अडकला होता, म्हणून तिघांनीच बाज उचलली. नालीवर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. मधोमध आल्यावर मागची बाजू कलली आणि सुभद्राबाई घसरून चार फूट खाली नालीत पडल्या. नाली कोरडी होती. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं होतंच. आता उजवा हातही मोडला.

हे मला त्यांचे यजमान काशिनाथअप्पा यांनी माझ्या लातूरच्या वकिलीच्या ऑफिसात बसून सांगितलं. अप्पांचं बियाण्याचं दुकान होतं, ते मुलाकडे सोपवून ते बायकोची सेवा करत होते. सांगून झाल्यावर त्यांनी नगरपालिकेचं पत्र टेबलावर ठेवलं. पत्र तीन ओळींचं होतं.

गाव निलंग्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नवा जिल्हा म्हणून रस्ते रुंद होत होते. अप्पांच्या घरासमोरचा रस्ताही रुंद झाला, दोन हात उंच झाला, आणि रस्ता व घर यांच्यामध्ये नाली खणली गेली. तोवर जीप थेट दारापर्यंत येई. पाठीला जखमा झाल्यामुळे सुभद्राबाईंना दर आठवड्याला ड्रेसिंगसाठी लातूरला आणावं लागे. नाली झाल्यापासून त्यांना बाजेवर घालून चौघांनी पलीकडे न्यायचं, असं चाललं होतं. त्यात पाऊस नाही. आधीच्या वर्षीही नव्हता. गल्लीतला प्रत्येक धडधाकट माणूस सकाळी पाण्याच्या मागे. बाज उचलायला चौघं जमवणं हेच मोठं काम होऊन बसलं होतं.

अप्पांनी रपट्यासाठी अर्ज केला होता. रपटा म्हणजे गाडी आत जावी म्हणून नालीवर टाकलेली मजबूत स्लॅब. खर्च ते स्वतः करणार होते. नगरपालिकेनं अर्ज फेटाळला. कारण असं की, जुन्या नकाशात सदर जागी जमिनीखाली पाण्याचा नळ दाखवला आहे, त्यावरून जड वाहन नेता येणार नाही.

मी गावात जाऊन ओव्हरसिअरना भेटले. त्यांनी नकाशाची मराठी नक्कल दाखवली. अप्पांच्या घरापुढे एक छोटी खूण आणि तिच्याजवळ 'नळ' असा शब्द. मी विचारलं, नाली खणताना पाइप लागला होता का?

"आम्ही तेवढं खोल गेलो नाही."

"चार फूट गेलात. पाइप किती खाली असतो?"

"मॅडम, नकाशात हाय म्हणजे हाय. उद्या पाइप फुटला तर पेपरात माझं नाव येईल, तुमचं न्हाई."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्या दिवसांत पाणी वाया गेल्याच्या बातमीवरून माणूस सस्पेंड होत होता. गावाच्या नळांना मात्र कित्येक महिने पाणी नव्हतं.

अशा वेळी लोक सरळ रपटा टाकून मोकळे होतात. अप्पांना तसं सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्यांचं उत्तर एकच, "जन्मात बिनपरवान्याचं काय केलं न्हाई, आता म्हातारपणी करू व्हय?" राहिला मार्ग अपिलाचा. पण अपिलात 'नळ' खोटा आहे हे दाखवावं लागणार होतं, आणि त्यासाठी मूळ नकाशा हवा होता. मराठी नक्कल ही नक्कलच. मूळ नकाशे निजामाच्या काळातले, उर्दूत. जिल्हा वेगळा झाला तरी जुनं दप्तर उस्मानाबादलाच होतं. दोन खेपा घालून मी सर्टिफाइड कॉपी मिळवली. मला उर्दू येत नाही. कॉपी घेऊन मी हबीबभाईंकडे गेले. ते कोर्टातून निवृत्त झालेले अनुवादक. जुन्या कागदांसाठी सगळे वकील त्यांच्याकडेच जात.

त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि हसले.

"बाई, ये नल नहीं है. पुल है."

मग त्यांनी मला कागदावर लिहून दाखवलं. उर्दूत शब्दाच्या सुरुवातीला 'न' आणि 'प' यांचा दात सारखाच असतो. फरक फक्त टिंबांचा. 'न'ला वर एक टिंब, 'प'ला खाली तीन. ऱ्हस्व उकार लिहीत नाहीत. टिंबं पुसली की नल आणि पुल एकच. मूळ नकाशावर शाई फिकी झालेली, पण भिंगातून खालच्या तीन टिंबांपैकी दोन दिसत होती. नक्कल करणाऱ्याला ती दिसली नसावीत. म्हणजे जिथं नळ आहे म्हणून रपटा नाकारला होता, तिथं पूर्वी पूलच होता. बैलगाड्या जाण्यासाठीची दगडी मोरी. यापेक्षा चांगला पुरावा मागूनही मिळाला नसता.

मी कागद आवरायला लागले. हबीबभाई म्हणाले, "ठहरो. आगे भी है. राहे-आम, ता बावली."

म्हणजे पूल, आणि तिथून बावलीपर्यंत आम रस्ता, सगळ्यांच्या वहिवाटीचा. बावली म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. ती अप्पांच्या मागच्या अंगणात होती, मी पाहिली होती. गळ्यापर्यंत गाळ आणि वर बाभळी. हबीबभाईंनी पूर्ण ओळीचा अनुवाद लिहून सही केली. मी 'पूल' या शब्दाखाली लाल रेघ मारली. पुढच्या शब्दांबद्दल अप्पांना काही सांगितलं नाही. विसरले असं नाही. सांगितलं असतं तर ते बिचकले असते, आणि मला केस हातची जाऊ द्यायची नव्हती.

हिअरिंग उन्हाळ्यात लागलं. समोर उपजिल्हाधिकारी होते. अपिलं त्यांच्याकडे आणि टंचाईचं कामही त्यांच्याकडेच. बाहेर टँकर मागायला आलेले सरपंच बसलेले. माझं म्हणणं पाच मिनिटांत संपलं. भिंग मी सोबत नेलं होतं, साहेबांनी स्वतः टिंबं पाहिली. नगरपालिकेच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. मी फाइल बंद करत होते. साहेब मात्र अजून अनुवाद वाचत होते.

"ही बावली अजून आहे का?"

मी म्हणाले, "साहेब, तो या अपिलाचा विषय नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. प्रश्न अप्पांना होता. अप्पा उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या साहेबानं त्यांना काही विचारलं होतं.

"हाव साहेब, हाय ना. आमच्या मागच्या अंगणात. गाळ भरलाय. पण आमचे आजे सांगायचे, लई दुष्काळ आला तरी बावलीचं पाणी आटलं न्हाई."

मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. उशीर झाला होता.

ऑर्डर आठवड्यात आली. नकार रद्द. रपटा बारा फूट रुंदीचा, टँकर पेलेल असा, आणि तोही सरकारी खर्चानं. बावली टंचाईपुरती अधिग्रहित. अधिग्रहण म्हणजे विहीर मालकाची राहते, पाणी सरकार घेतं. आणि रस्त्यापासून बावलीपर्यंतची वाट नकाशाप्रमाणे आम रस्ता म्हणून खुली ठेवावी. ती वाट अप्पांच्या अंगणातून, सुभद्राबाईंच्या खिडकीखालून जात होती.

अप्पा पेढे घेऊन आले होते. पहिल्या ओळीवरच खूश होते. मी त्यांना बाकीच्या ओळी वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "पाणी हाय तर घेऊ द्या की लोकान्ला." ते तसेच होते.

जी नगरपालिका अर्जाला दोन महिने लावते, तिनं रपटा बारा दिवसांत केला. गाळ निघाला, वीस हातांवर पाणी लागलं. अंगणात डिझेलचं इंजिन बसलं. पहाटेपासून टँकर भरू लागले. रांग रपट्यावरून रस्त्यापर्यंत. ड्रेसिंगच्या दिवशी जीप या रांगेच्या मागे उभी राहायची. टँकरचा ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला तयार असला तरी त्याच्या गावची माणसं टपावर बसलेली असत, ती नंबर सोडत नसत. त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांच्या घरी हंडे रिकामे होते. रांग सोडून बाजेला हात लावायलाही कुणी येईना. तिसऱ्या आठवड्यापासून अप्पांनी लातूरची खेप बंद केली. जखमा वाढल्या. ताप सुरू झाला, तेव्हा त्यांनी सुभद्राबाईंना उदगीरला मेव्हण्याच्या घरी हलवलं.

त्यानंतर ते माझ्याकडे आले. अपील करायचं म्हणाले.

"कशाविरुद्ध?"

"त्या आम रस्त्याविरुद्ध. अंगण माझं हाय. कर भरून राहिलो मी."

मी त्यांना समजावलं की तो नकाशा नगरपालिकेनं आणलेला नाही. आपण आणला. अनुवाद आपण करून घेतला, सहीनिशी आपणच दाखल केला. आपलाच पुरावा अर्धा खरा आणि अर्धा खोटा असं आपल्याला म्हणता येत नाही.

त्यांनी फाइलमधला अनुवाद काढला आणि लाल रेघेच्या पुढच्या शब्दांवर बोट ठेवलं.

"वकीलबाई, ते पुढचं लिहिलेलं तुमाला आधी म्हाईत होतं?"

"हो."

"मला सांगितलं असतं तर?"

"तुम्ही अपील केलं नसतं."

"न्हाईच केलं असतं," ते म्हणाले. "चार माणसं शोधली असती."

त्यांनी फाइल मागून घेतली, नमस्कार केला आणि ते गेले. सुभद्राबाई पावसाळ्याच्या तोंडाशी उदगीरलाच वारल्या. मला दुसऱ्या अशिलाकडून कळलं. त्या उन्हाळ्यात अर्धं गाव त्या बावलीच्या पाण्यावर जगलं, हेही त्यानंच सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी फिटत नाही.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात नियम आहे. दाखल करायचा प्रत्येक कागद अशिलाला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवायचा, आपल्या कामाचा नसलेला भागसुद्धा. मग खाली सही घ्यायची. ऐकून झाल्यावर काही जण केस न करताच घरी जातात. जाऊ द्यावं.