अडतीस मैल डोंगरातून, सत्तेचाळीस मैल खालून

समजा, उद्या सकाळी तुम्हाला सहा कोकरं गाडीनं न्यायची आहेत. कोकरं म्हटलं तरी ती सहा महिन्यांची, चाळीस-चाळीस किलोची. आदल्या दिवशीच त्यांना ओल्या गवतावरून काढून कोरड्या छपराखाली कोंडायचं, कारण पोट सैल असलं की लोकर बरबटते आणि कत्तलखान्यात घाण जनावर घेत नाहीत. प्रत्येकाच्या कानातले बिल्ले वाचायचे. एखादा कुंपणाच्या तारेत अडकून पडला असेल तर नवा ठोकायचा. ट्रेलर धुतलेला हवा, खाली पेंढा हवा. मग कागद भरायचा: कुठून, कुठे, किती, किती वाजता निघणार, प्रवासाला किती वेळ लागणार. हे करताना तुमचं वय त्रेसष्ट आहे, उजवा अंगठा सकाळी वाकत नाही, आणि आजवर ज्या माणसानं हा ट्रेलर ओढला तो खुर्चीत बसून सांगतोय की फाटक चुकीच्या बाजूनं उघडलंस.

तेगवेन प्रॉसर हे सगळं निमूट करते. वेल्समधल्या आमच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला तिची अठरा एकर जमीन आहे, त्यातली सहा एकर दलदल. बावीस मेंढ्या. शरद ऋतूत महिन्याला सहा कोकरं कत्तलखान्यात जातात आणि त्यांचं मटण खोक्यांत भरून परत येतं. गावातली शिक्षिका, पोस्टातला माणूस, चॅपलमधली दोन-तीन घरं अशी तिची ठरलेली गिऱ्हाइकं. नवरा इस्लविन गाडी चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही खुबे बदलले, त्यातला एक नीट बसला नाही. तेव्हापासून तो कागद भरतो आणि सूचना देतो.

कोकरं ट्रेलरमध्ये चढवताना ती कुत्रा लावत नाही. खोऱ्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून तिची थट्टाही होते. ती जुना हिरवा कोट घालते, बादलीत मूठभर खुराक खुळखुळवते आणि पाठ करून ट्रेलरमध्ये चालत जाते. कोकरं मागून येतात. मग ती बाजूच्या छोट्या दारातून बाहेर पडते. त्या दारातून वाकून निघायला आता तिला वेळ लागतो.

नऊ मैलांवर दोन भावांचा छोटा कत्तलखाना होता. मागच्या वसंतात भाऊ थकले आणि त्यांनी तो बंद केला. मोठे कारखाने लॉरीभर जनावरं घेतात, सहा नाही. सहा कोकरं घेऊन तुमचंच मटण तुम्हाला परत देणारा उरलेला कत्तलखाना डोंगराच्या पलीकडे. तिथे जायला दोन रस्ते आहेत. खालचा हमरस्ता डोंगराला वळसा घालून जातो, तो सत्तेचाळीस मैल. वरचा खिंडीतून जातो, तो अडतीस.

नियम असा की स्वतःची जनावरं धंद्यासाठी पासष्ट किलोमीटरच्या पुढे न्यायची तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि जो नेतो त्याच्या नावावर परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. पासष्ट किलोमीटर म्हणजे आमच्या हिशेबात चाळीस मैल. त्याच्या आत असाल तर दोन्ही लागत नाही.

नकाशा टेबलावर पसरून इस्लविननं दोन्ही रस्त्यांवर दोरा फिरवला. मग म्हणाला, "वरून जा. दोन मैल हातात राहतात."

आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं. खिंडीतल्या रस्त्यानं आम्ही लहानपणापासून जातो-येतो. सरकारी परीक्षा टाळायला तो रस्ता आहे हे कळल्यावर तर तो सगळ्यांना जास्तच आवडू लागला होता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी ती वरून गेली. ट्रेलर दहा कोकरांचा, आत सहा. मधलं फाटक लावलं की जागा आवळता येते, पण ते गोठ्यात मागे ठेवलेलं होतं. सपाट नऊ मैलांना त्याची गरज कधी पडली नव्हती, म्हणून तिनं ते काढलंच नाही. खिंडीतल्या दुसऱ्या वळणावर समोरून लाकडं भरलेली लॉरी आली. रस्ता एका गाडीपुरता. लॉरी मागे जाणार नव्हती. तेगवेननं गाडी ट्रेलरसकट पाव मैल मागे घेतली, चढावर, डाव्या बाजूला खोल ओढा ठेवून. ट्रेलर दोनदा आडवा झाला. दोन्ही वेळा आतून पत्र्यावर खूर घसरल्याचा आवाज आला आणि मग धप्प.

पलीकडे पोहोचायला सव्वादोन तास लागले. ट्रेलरची उतरायची फळी खाली टाकली तेव्हा पाच कोकरं उतरली. सहावं मागच्या कोपऱ्यात बसलेलं होतं. बाकीची त्याच्यावर जाऊन पडली होती. ते उठलं, पण मागचा डावा पाय टेकेना.

कत्तलखान्यावरच्या पशुवैद्यानं पाय चाचपला आणि त्याला सगळ्यांच्या आधी आत घ्यायला सांगितलं. कुठून आलात, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. मग खालून का नाही आलात, असं त्यानं विचारलं. तो बाहेरून आलेला माणूस होता, रागावलेला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. तेगवेन फळी उचलू लागली. त्यानं कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि जाताना फक्त मधल्या फाटकाबद्दल बोलला. पुढच्या आठवड्यात खोकी आली, त्यात एक मांडी कमी होती. मुका मार लागलेलं मांस कापून टाकलं होतं.

त्या मंगळवारी ती घरी आली आणि कोट न काढताच बसली. इस्लविननं चहा ओतला.

शेवटी तिनंच विषय काढला. परत वरून जाणार नाही. मग उरले तीन मार्ग. एक म्हणजे शेजारचा गेथिन. त्याच्याकडे लॉरी आहे, परवाना आहे, आणि तो मनानं चांगला आहे. पण तो तीन शेतांवरची जनावरं गोळा करत जातो. तिची कोकरं अनोळखी कळपात घुसणार, एकमेकांना ढुशा देणार, आणि हिरवा कोट कुठे दिसणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे ऑक्टोबरच्या बाजारात सगळा कळप विकायचा. तिसरा म्हणजे परीक्षा देऊन, परवाना काढून खालच्या रस्त्यानं जायचं.

"विकू या," इस्लविन म्हणाला. "थकलीस तू."

"थकले तर आहेच."

"मग?"

"थकले म्हणून विकायचं तर दहा वर्षांपूर्वीच विकायला हवं होतं."

गेथिन स्वतः येऊन बोलला. दारात बूट न काढता उभा राहून म्हणाला, "आंटी तेगवेन, कशाला डोक्याला ताप? मी दर महिन्याला जातोच. तुमची सहा माझ्या लॉरीत दिसणारसुद्धा नाहीत."

"तेच तर," ती म्हणाली, आणि त्याला फ्रूटकेकचा तुकडा दिला. त्याला काही कळलं नाही, पण तो केक खाऊन गेला.

परीक्षेची पुस्तिका चाळीस पानांची. ती चुलीजवळ बसून वाचायची आणि तिसऱ्या पानावर डोळे मिटायची. शाळा सोडल्यापासून तिनं परीक्षा दिली नव्हती. इस्लविन पुस्तिका हातात घेऊन प्रश्न विचारायचा. गाभण मेंढी किती दिवसांपर्यंत न्यायची. नुकत्याच जन्मलेल्या कोकराची नाळ सुकली नसेल तर काय. पायाला धरून ओढायचं का, लोकरीला धरून उचलायचं का. एका रात्री त्यानं विचारलं, दहाच्या ट्रेलरमध्ये सहा जनावरं असतील तर काय कराल?

"मधलं फाटक लावीन," तेगवेन म्हणाली. "पुढचा प्रश्न."

परीक्षा बाजाराच्या इमारतीत होती, कॅन्टीनच्या वरच्या खोलीत. खालून चिप्सचा आणि ग्रेव्हीचा वास येत होता. खाली लिलाव चालू होता, त्यामुळे दर दोन मिनिटांनी हातोडा आपटल्याचा आवाज यायचा. परीक्षा घेणारी हेलेद नावाची मुलगी, तिशीची असेल. भाषा कोणती हवी, असं तिनं विचारलं. तेगवेननं अर्थातच घरची भाषा, वेल्श, म्हटलं. पडद्यावरचा पहिला प्रश्न तिनं तीन वेळा वाचला. गोठ्यात जन्म गेला तरी त्यातले चार सरकारी वेल्श शब्द तिनं कधी ऐकलेले नव्हते. तिनं हात वर केला आणि ओशाळून इंग्रजी मागितली. हेलेद हळू आवाजात म्हणाली, "माझ्या वडिलांनीही तेच केलं होतं, मिसेस प्रॉसर."

बोटानं पडद्याला शिवून उत्तर द्यायचं. अंगठा वाकत नव्हता, पण तर्जनी चालली. प्रश्न सोपे होते आणि अवघडही. घाबरलेल्या मेंढीला कसं हलवाल? चार उत्तरांत बादली आणि हिरवा कोट नव्हता. तिनं 'शांतपणे, घाई न करता' हे उत्तर निवडलं. प्रवास लांबला तर जनावरांवर काय परिणाम होतो? तहान, थकवा, मुका मार.

ती पास झाली. हेलेदनं निकाल छापून हातात दिला आणि अभिनंदन केलं. तेगवेन उठली नाही.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"मी वरून गेले तर अडतीस मैल. सव्वादोन तास लागतात, आणि कोकरं एकमेकांवर पडतात. खालून सत्तेचाळीस मैल. तिथे दीड तास लागेल, आणि ती उभी राहून रवंथ करतील. ही परीक्षा जनावराला त्रास होऊ नये म्हणून आहे ना?"

"हो."

"मग वरून गेलेलं परीक्षेशिवाय चालतं ते कसं?"

हेलेदनं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली की अंतर कुठेतरी धरावंच लागतं. मग म्हणाली की वरून जातानाही जनावराला इजा होऊ न देण्याचा नियम लागूच असतो. तेगवेननं मान हलवली. तो नियम तिनं पुस्तिकेत वाचला होता, आणि त्या मंगळवारी तो तिच्याकडून मोडलाही होता. ते ती नाकारत नव्हती.

"पण तो मोडला कशामुळे, हे मी विचारतेय," ती म्हणाली.

हेलेद प्रामाणिक मुलगी. तिनं सांगितलं की तिला उत्तर माहीत नाही, परवान्याच्या अर्जासोबत लिहून पाठवा.

तेगवेननं तेच केलं. अर्ज इस्लविननं भरला. गाडीचा नंबर, ट्रेलरचं माप, आपत्ती आली तर काय कराल. शेवटी वेगळ्या कागदावर तिनं स्वतःच्या अक्षरात दोन्ही रस्ते लिहिले, मैल, तास, आणि त्या सहाव्या कोकराचं. इस्लविन म्हणाला की कुणी वाचणार नाही. तिनं कागद दुमडून पाकिटात घातला.

तीन आठवड्यांनी परवाना आला. पाच वर्षांचा.

"मेंढ्या पाच वर्षं टिकतील," इस्लविन म्हणाला. "आपलं बघावं लागेल."

पाकिटात दुसरं काही नव्हतं, तिच्या कागदाचं उत्तरही नव्हतं. तिनं ते उलटं करून झटकून पाहिलं.

ऑक्टोबरच्या बाजारात तिचा कळप गेला नाही. त्याच महिन्यात ती सहा कोकरं घेऊन खालच्या रस्त्यानं गेली. मधलं फाटक लावलेलं होतं. शेजारच्या सीटवर इस्लविन, मांडीवर कागदांची फाइल आणि सँडविच. प्रवासाच्या वेळेच्या रकान्यात त्यानं दीड तास लिहिलं होतं आणि पोहोचायला एक तास पंचवीस मिनिटं लागली. फळी टाकल्यावर कोकरं जरा थांबली, कोटाकडे पाहिलं, आणि एकामागून एक उतरली. सगळी चार पायांवर. तोच पशुवैद्य होता. त्यानं कागद पाहिला, कोकरं पाहिली, आणि सही केली.

परतताना खिंडीच्या फाट्याशी तिनं गाडी कडेला घेतली. तिला पाठ मोकळी करायची होती. फाट्यावर उभ्या-उभ्या तिनं सँडविच खाल्लं. एक पिकअप छोटा ट्रेलर ओढत वरच्या रस्त्याला वळली. ताडपत्रीखालून दोन मेंढ्यांची तोंडं दिसली. चालवणारा तिला ओळखत नव्हता, पण त्यानं हात केला.

"कुठला असेल?" इस्लविननं विचारलं.

"त्याला अडतीस मैल पडत असणार," ती म्हणाली. ट्रेलर पहिल्या वळणाआड गेला तरी ती तिकडेच बघत होती. "पत्र परत लिहू का रे? की मी प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला? मैल मोजायचं कुणी ठरवलं, आणि तो त्या रस्त्यानं मेंढ्या घेऊन कधी गेला होता का, हे कुणाला विचारायचं?"