निळ्या शाईचा अंगठा

हे आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळही नाही — तिला सगळं सांगायचो, एवढं सोडून. आता हे वागवून वागवून थकलो, बस.

अकोल्याला जठारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीचे इंगळे ड्रॉइंगमास्तर एक कागदी खेळ काढायचे — परतवाड्याहून निघायचं, कवड्या टाकत घाट चढायचा, वाघाच्या घरात पडलं की मागे, चिखलदऱ्याला पोचला तो जिंकला. पोरं वेडी झाली होती! कुणी नक्कल करू नये म्हणून मास्तर प्रत्येक पटावर निळ्या शाईनं स्वतःचा अंगठा उठवत. शिकलेला माणूस, अन् अंगठा? मी एकदा हसलो. म्हणाले, "माह्या बापाचा अंगठा लोकाईनं कोऱ्या कागदावर फुकटात घेतला, शेटजी. माहा मोलाचा हाये."

पट आणून द्यायचा त्यांचा धाकटा भाऊ नामदेव. आईबाप गेल्यावर मास्तरांनीच वाढवलेला.

मी काय केलं? — तो पट गुपचूप दुसरीकडं छापून घेतला. गरज नव्हती, हाव होती. अन् अंगठा काय, मलाही होताच की! दुकानात बसून उठवत गेलो. गिऱ्हाईक कुठं रेषा बघतं?

मास्तरांनी बघितल्या. एका दुपारी अचानक आले, पट उचलून उजेडात धरला. त्यांच्या अंगठ्यावर विळ्याच्या जखमेची आडवी खूण होती, पटावर ती नव्हती. "हा कोनाचा अंगठा हाये?" — एवढंच.

अन् मी, हरामखोर, म्हणालो, "नामदेवनंच आणून देल्ले, मास्तर. मले काय मालूम?"

ते बाकावर बसले. नामदेवला त्यांनी घराबाहेर काढलं, खेळ बंद केला, हे नंतर कानावर आलं. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो. आता दोघंही नाहीत.

आणखी एक राहिलं. त्या दुपारी दुकानातून जाताना मास्तरांनी हात जोडले, "जयभीम" म्हणाले. दरवेळी म्हणत, अन् मीही हात जोडून रामराम करायचो. त्या दिवशी माझा अंगठा ओल्या शाईनं निळा होता. मी हात टेबलाखालून काढलेच नाहीत.

मास्तर जोडलेल्या हातांनी जरा थांबले. वाट पाहिली. मग मान खाली घालून पायरी उतरले — हाही जात बघणाराच निघाला, असं समजून.