मांजर निरोगी आहे

देवरावांनी पोतं टेबलावर ठेवलं आणि तोंडाची सुतळी सोडली. आतून मांजर निघालं. पांढरंशुभ्र, खाऊनपिऊन चांगलं माजलेलं. बाहेर आल्या आल्या त्यानं माझ्या रजिस्टरवर पंजा मारला.

"काय झालं हिला?" मी विचारलं.

"हिले काहीच नाही झालं जी. तेच लिहून पायजे."

गुरांच्या दवाखान्यात लोक जनावर आजारी पडलं की येतात. धडधाकट जनावर पोत्यात घालून आणणारा हा पहिलाच गृहस्थ. मी मूळचा साताऱ्याकडचा. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी दारव्ह्याला व्हेटर्नरी ऑफिसर म्हणून बदली झाली होती. काम बैलांचं आणि म्हशींचं. मांजराला कोण विचारतो? पण त्या दिवशी बाजार नव्हता, टेबल रिकामं होतं, आणि नव्या ऑफिसरला हुशारी दाखवायची हौस असतेच.

मी मांजर डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं. थर्मामीटर लावलं, त्यात आमच्या मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरच्या मनगटावर चार ओरखडे उठले. छातीला नळी लावली. भिंग घेऊन कातडी पाहिली. खरूज नाही, गजकर्ण नाही, पिसवासुद्धा नाहीत.

"त्याचं असं हाय साहेब," देवराव सांगू लागले, "घरात जरा..."

मी हात वर केला. घरच्या भानगडी ऐकायला सरकार मला पगार देत नव्हतं. मी झोकदार अक्षरात लिहिलं, 'सदर मांजर निरोगी असून त्यापासून माणसास कोणताही रोग होण्याचा संभव नाही.' खाली सही केली आणि शिक्का मारला. देवराव खूश झाले. मीही झालो.

दोन दिवसांनी एक वयस्कर गृहस्थ आले. पांढरी टोपी, जुना कोट, काखेत छत्री. त्यांनी खिशातून तोच कागद काढून माझ्यापुढे धरला.

"हा तुमचाच कागद?"

"हो, माझाच."

"साहेब, या कागदानं माही पोरगी खोटी पडली."

आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते कळंबच्या शाळेत मास्तर होते, आणि वर्गात बोलावं तसं हळू, नीट बोलत होते. त्यांची मुलगी शांता. गेल्या उन्हाळ्यात देवरावांच्या मुलाला, वसंताला दिलेली.

"पोरगी म्हणे, मांजर जवळ आलं का माहा जीव गुदमरते. सासू म्हणे, सोंग हाय, आल्या आल्या माह्या मांजरीले, मैनेले, हाकलाले निघाली. मंग व्याही म्हणाले, मांजराले रोग असन तर हाकलू, नसन तर सुनेनं कबूल करावं. तुमचा कागद आला. काल चार लोकांत वाचून दाखवला. तिनं काही कबूल केलं नाही. आज तिले घरी घेऊन चाललो."

"किती दिवसांसाठी?"

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. माझे कान तापले. कागद लिहिताना मी फक्त मांजर पाहिलं होतं, आणि त्या कागदापायी एका मुलीचा संसार मोडायला आला होता.

शांता दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली ट्रंकेवर बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो खरा, पण काय विचारावं ते सुचेना. आमच्या पेशंटांना बोलता येत नाही. आम्ही धन्याला विचारतो आणि ठरलेलंच विचारतो. बांधता कुठं, खायला काय, त्रास कधी सुरू होतो, कधी थांबतो. मला तेवढंच येत होतं.

"तुला बांध..." मी जीभ चावली. "तू झोपतेस कुठं?"

ती हसली. म्हणाली, "आतल्या खोलीत."

"त्रास कसा सुरू होतो?"

"आधी डोये खाजतात. नाकातून पाणी. मंग शिंकावर शिंका. निजली का छाती अशी आवयून येते, उठून बसा लागते. आतून शिट्टी वाजते."

"शेतात?"

"वावरात काहीच नाही जी. कापूस वेचाले गेली का दिवसभर बरी."

"आणि कळंबला?"

"दिवाळीले गेलती. चार-पाच दिवसांत सारं गेलं."

"कळंबच्या घरी मांजर आहे?"

"नाही."

"आत्ता कसं वाटतं?"

"आता बरं हाय. सकायपासून बाहेरच हाय मी."

तेव्हा मला आमच्या कॉलेजातला जाधव आठवला. हुशार मुलगा. पण घोड्यांच्या तबेल्यात गेला की अर्ध्या तासात डोळे सुजून बंद आणि छातीतून पेटी वाजल्यासारखा आवाज. घोडे सगळे ठणठणीत. सरांनी सांगितलं, ही अ‍ॅलर्जी. दोष घोड्यात नाही आणि जाधवातही नाही, दोघांचं एकत्र जमत नाही एवढंच. शेवटी तो कोर्स सोडून पोस्टात लागला. मी त्याच्या शेजारच्या बाकावर दोन वर्षं बसलो होतो, आणि तरीही हा कागद लिहून बसलो. शाबास रे माझ्या वाघा.

माणसं तपासणं हे माझं काम नव्हे. मी दोघांना घेऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांताची छाती तपासली, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा अंदाज बरोबर वाटतो. दम लागला तर घ्यायला गोळ्या देतो. पण मांजर घरात आहे तोवर नुसत्या गोळ्यांनी काय होणार? हे घरच्यांना कोणी तरी सांगायला हवं." आणि ते माझ्याकडे पाहत राहिले.

मास्तरांना मी म्हणालो, "कळंबला न्या, पण आठच दिवसांसाठी. तोवर मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी सायकल काढून देवरावांच्या गावी गेलो. घराची एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, आणि ढिगाच्या माथ्यावर मैना पाय ताणून निजलेली. देवराव ओसरीवर होते. वसंता दाराशी उभा, मान खाली. शांताच्या सासूबाई, अनसूयाबाई, सूप बाजूला ठेवून बाहेर आल्या.

मी म्हणालो, "तो कागद मी अर्धवट लिहिला."

देवरावांनी देवाजवळच्या कोनाड्यातून दुसरी नक्कल काढली. मीच हौसेनं दोन प्रती दिल्या होत्या. "सरकारी शिक्का हाय यावर. आता हा कागद खरा का तुमी खरे?"

"कागद खरा. मांजराला काही रोग नाही. आणि तुमची सूनही खरी."

"दोघं बी खरे?" अनसूयाबाई म्हणाल्या. "असं कुठी असते का?"

मी समजावलं. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं. लाळ केसांवर वाळते, कातडीचा कोंडा झडतो. तो इतका बारीक की दिसत नाही, हवेत तरंगतो. तुमच्या-माझ्या नाकाला त्याचं काहीच नाही. पण एखाद्याचं शरीर त्यालाच वैरी समजतं आणि लढायला उठतं. शिंका, पाणी, दम, ही सगळी ती लढाई. कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मला अंगणात वाळत घातलेले बिब्बे दिसले.

"बिब्बा सगळ्यांनाच उततो का हो?"

"नाही जी," देवराव म्हणाले. "मी हातानं फोडतो, मले काहीच नाही होत. माह्या भावाले नुसतं झाडाखालून गेलं तरी तोंड सुजते."

"मग भाऊ सोंग करतो?"

वसंतानं पहिल्यांदा मान वर केली.

"मांजर काढाचं म्हणता," अनसूयाबाई हट्टाला पेटल्या. "उंदरं सरकी खातीन तं तुमी याल का राखाले?"

"मारायचं नाही, सोडून द्यायचं नाही. तुमच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यात ठेवा, दूध-भाकर तिथंच द्या. आम्ही रोगाचा संशय असला की जनावर वेगळं बांधतो आणि एकवीस दिवस बघतो. इथंही तेवढंच करू."

"अन् एकवीस दिवसांत फरक नाही पडला तं?"

"तर मी स्वतः मांजर उचलून तुमच्या ओट्यावर आणून सोडीन. मग तुम्ही सुनेला काय म्हणायचं ते म्हणा."

हे बोलून गेलो, आणि परतीच्या वाटेवर सायकल जड लागायला लागली. माझ्या शब्दाची किंमत शांता मोजणार होती.

आठ दिवसांनी शांता सासरी आली. मैना कोठ्यात गेली होती. मी दिवस मोजत होतो. पंधराव्या दिवशी वसंता दवाखान्यात आला. घामानं भिजलेला, सायकल भिंतीला टेकवायचंही भान नाही.

"साहेब, फरक नाही. काल तं लय झालं तिले. माय म्हणते, मैनेले आणतो आता. लोकं हासून राह्यले."

मी हातातलं काम टाकून निघालो. वाटेत सारखं वाटत होतं की मी दुसऱ्यांदा तोंडघशी पडलो. घरात शिरलो आणि गोठ्यात बघावं तसं बघू लागलो. खाली जमीन, भिंती, वर आढं, मग अंथरूण. आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. घटसर्पानं बैल गेला की मी प्रत्येक शेतकऱ्याला बजावत असे, जनावर गेलं म्हणजे झालं नाही, जमीन खरवडा, चुना मारा, खालचं गवत जाळा. गोठ्याच्या बाबतीत हे मला झोपेतही पाठ. माणसाच्या घरात मात्र मी नुसतं जनावर हलवलं आणि सायकलवर बसून घरी गेलो.

"शांता कशावर झोपते?"

अनसूयाबाईंनी कोपऱ्यातली जाड, सुरेख गादी दाखवली. "माही हाय. माह्या मायनं देल्ली लग्नात. नव्या सुनेले चटईवर कशी निजवू? मी चटईवर निजतो, तिले ही देल्ली. लय ऊब हाय. मैना चार हिवाळे यावरच..."

त्या मध्येच थांबल्या. खाली वाकून त्यांनी गादीवरून हात फिरवला. तळव्याला पांढरे केस चिकटले.

"मीच देल्ली तिले," त्या म्हणाल्या. "मीच रोज हातानं आथरून देत होतो."

या बाईंबद्दल माझ्या मनात तोवर रागच होता. तो तिथं संपला. सुनेला खोटी म्हणणाऱ्या या बाईनं घरातली सगळ्यात चांगली वस्तू तिच्याच अंगाखाली घातली होती.

पुढचं त्यांनीच हातात घेतलं. गादी गाडीत टाकून मैनेकडे कोठ्यात पाठवली. भिंतींना चुना मारला, जमीन सारवली, गोधड्या उकळत्या पाण्यात बुडवल्या. सगळं होईपर्यंत शांता शेजारच्या घरी राहिली. पिंजारी बोलावून याच वर्षीच्या कापसाची नवी गादी भरली. मी चाचरत सांगितलं, मैनेला खाऊ घालून आल्यावर हातपाय धुवा, लुगडं बदला, मगच आत या.

"पूजेचं लुगडं येगळं ठेवतो, तसंच ना?"

"अगदी तसंच."

"मंग येवढं सांगाले काहून लाजून राह्यले होते?"

एकवीस दिवस झाले तेव्हा शांताला अर्धाच आराम होता. एवढ्याला घरचे फरक मानणार नाहीत असं धरून मी मांजर आणून सोडायच्या तयारीनं गेलो, शब्द तो शब्द. अनसूयाबाईंनी मला ओट्यावरूनच परत पाठवलं. "राहू द्या जी अजून. पोरगी काल रातभर निजली." गुढीपाडव्यापर्यंत छातीतली शिट्टी थांबली. शिंका अधूनमधून येत, तेवढ्या चालायच्याच.

पोळ्याच्या सुमाराला अनसूयाबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. हातात पोतं. ते बघून मी खुर्चीतून उठलोच.

"घाबरू नका. मैनेच्या पायात काटा हाय. सुनेनंच धाडलं मले. ते दुरूनच पाह्यते हिले रोज, वावरात गेली का. म्हणे, आत्याबाई, मैना लंगडून राह्यली."

मी काटा काढला, औषध लावलं. अनसूयाबाईंनी पोत्याचं तोंड बांधलं, पण जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब, अजून एक कागद पायजे होता."

"कशाचा?"

"सून खरी हाय म्हणून. त्या कागदासारखाच. शिक्का मारून."

मी म्हणालो, "बाई, या दवाखान्यात फक्त जनावरांचे दाखले मिळतात."

त्या म्हणाल्या, "मंग राहू द्या. चार लोकांत मीच सांगतो." आणि पोतं छातीशी धरून निघाल्या. त्यांनी ते खरोखरच सांगितलं, हे मला पुढं वसंताकडून कळलं.

त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं मी दाखले लिहीत राहिलो. कोणी सर्टिफिकेट मागितलं की आधी त्याला बसायला स्टूल द्यायचो आणि विचारायचो, कागद कशाला हवा? मग तो त्याच्या घरची भानगड सांगायचा आणि मी ऐकायचो. निम्मे लोक कागद न घेताच परत गेले.