गिरणीला बांधलेलं लिंबू

अंबादास शिरसाठला आफ्रिकेत गावकऱ्यांनी धरून ठेवलंय, ही बातमी अठ्ठ्याण्णवच्या जुलैत शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या आधी वर पोचली. दुसऱ्या मजल्यावर तो नुसता धरलेला होता. पाचव्यावर खंडणीचा आकडा ठरला. सातव्या मजल्यावरच्या मृणालिनीवहिनींनी साबुदाणा निवडता निवडता त्याचे शेवटचे शब्दसुद्धा सांगून टाकले.

खरं एवढंच होतं की त्याच्या बायकोला, सुलक्षणाला, झांबियातून एका बाईचा फोन आला होता. लाइनीत खरखर होती आणि बाईंचं इंग्रजी तुटक होतं: "युवर हजबंड इज सिटिंग. व्हिलेज इज वॉचिंग. इफ नो सिकनेस, ही विल कम." आता यातून बिल्डिंगने काय घ्यायचं ते घेतलं. पण अंबादासला कोणी धरलं-बिरलं नव्हतं. तो आपण होऊन बसला होता. त्याला ओळखणाऱ्यांना मात्र खंडणीपेक्षा हेच पचायला जड गेलं.

कारण अंबादास आणि बसणं! पाहुणा म्हणून गेला तर चहा यायच्या आत त्या घरच्या पंख्याचा आवाज त्याच्या कानात शिरे आणि हा स्टुलावर चढे. गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवतात, हा मखराचे स्क्रू पिळतो. जेवताना गुडघा असा हलवतो की टेबलावरचं ताक हिंदकळतं. "अहो, तो पाय!" हे सुलक्षणाचं दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य. चौदा वर्षांच्या शिवानीने तर त्याला नावच ठेवलं होतं, "बाबा इज ऑन व्हायब्रेशन मोड."

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका ट्रेडिंग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो गिरण्या जोडायचा. आपली दगडी जात्याची चक्की नव्हे. आतले पोलादी दांडे धान्य ठेचतात आणि जाळीतून पीठ खाली येतं, तसली डिझेलवरची मक्याची गिरणी. अकरा वर्षांत त्याने तीनशेच्या वर गिरण्या आफ्रिकेला धाडल्या आणि स्वतः मात्र शारजा-मुंबई-नाशिक यापलीकडे कुठे गेला नाही. तरी दुबईत देऱ्यातल्या ऑफिसात आलेल्या गिऱ्हाइकाला तो बेधडक सांगायचा, "व्हिलेज रोड? नो प्रॉब्लेम. आय नो आफ्रिका."

त्यातलीच एक गिऱ्हाईक मिसेस म्वान्झा. झांबियाच्या पूर्वेला चिपाटा गावात त्यांचं दुकान होतं आणि माल भरायला त्या दुबईला यायच्या. चिकोम्बे नावाच्या खेड्यातल्या बेचाळीस बायकांनी मिळून एक गिरणी त्यांच्यामार्फत घेतली. "मिस्टर अंबा, या बायका रोज पहाटे उखळात मका कांडतात. पुन्हा एवढं जमवणं त्यांना व्हायचं नाही. मशीन चालेल ना?" अंबादासने गिरणीवर हात ठेवून शब्द दिला. "माझ्या घरची समजा."

गिरणी मे महिन्यात पोचली. जूनमध्ये फॅक्स आला: मशीन ओके. कोणी वापरत नाही. काय करावं?

अंबादासने उलट फॅक्स केला, पट्टा बघा. उत्तर आलं, पट्टा ओके. जाळी बघा. जाळी ओके. डिझेल? ओके. कोणी वापरत नाही.

बिघडलेल्या मशीनचं त्याला कधी काही वाटलं नाही. दुरुस्त करता येतं. पण धडधाकट मशीन नुसतं उभं आहे, ही कल्पना त्याच्या अंगात खाजेसारखी शिरली. मॅनेजर म्हणाला, "हबीबी, माल विकला, खलास." अंबादासला खलास होईना. दोन वर्षांनी मिळालेली रजा होती, मुंबईची तिकिटं झालेली होती, त्याच्या आधीच्या आठवड्यात जाऊन येतो म्हणाला.

"बावीसशे दिरहम!" सुलक्षणाने तिथल्या तिथे गुणाकार केला. "पंचवीस हजार रुपये! कंपनी देणार नाही, आणि तुम्ही निघालात कुणाच्या गिरणीसाठी?"

"शब्द दिलाय गं."

"मला पण दिलाय. एकोणीस तारखेच्या विमानाचा."

"चार दिवसांत येतो. इन्शाल्ला."

बॅगेत दोन मोठे पाने, एक स्पॅनर सेट, इनोच्या पुड्या आणि चार सुती हाफ शर्ट. आफ्रिका म्हणजे गरम, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

लुसाकाच्या विमानतळावर पहाटे दार उघडलं आणि आफ्रिकेने पहिला सलाम दातांवर केला. कडकड! तिकडे जुलै म्हणजे थंडी, हे गिरण्यांच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं. पुढे दिवसभर बस. वाळलेलं पिवळं गवत, विटांच्या भट्ट्या, रस्त्याकडेला कोळशाची पोती आणि सायकलवर कोंबड्यांचे पिंजरे. माणसं हात करत होती, हाही खिडकीतून हात करत होता आणि मनातल्या मनात रस्त्यातले खड्डे मोजून गिरणीच्या पायाचे बोल्ट किती ढिले झाले असतील ते ठरवत होता.

दुसऱ्या दिवशी मिसेस म्वान्झांच्या पिकअपमधून चिकोम्बे आलं. गाडी थांबायच्या आत अंबादास पाना घेऊन उतरला आणि सरळ गिरणीच्या शेडकडे निघाला. मिसेस म्वान्झांनी त्याची कॉलर धरली.

"कुठे? आधी आगोगो."

आगोगो म्हणजे आजी. ही आजी गावची मुखियाही होती. तिच्या अंगणाच्या कडेला उभं राहून "ओडी!" अशी हाक द्यायची आणि आतून होकार येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. होकार आला तेव्हा अंबादासने पान्याने आपलीच मांडी बडवून लाल केली होती. मग चटई, मग स्टूल, मग ओंजळ वाजवून नमस्कार. प्रवास कसा झाला? आईवडील आहेत? मुलं किती? एकच? का? पाऊस कसा तिकडे? "पाऊस नाहीच," हे ऐकून आजीबाईंनी हळहळून पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारलं. गिरणीचा ग सुद्धा नाही. दीड तास!

शेवटी शेडकडे निघाले तेव्हा बायका लांब अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या. गिरणीभोवतीची जमीन लख्ख झाडलेली होती आणि तिच्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता. अंबादास मात्र खूष झाला. कारण मका ओतायच्या हॉपरच्या गळ्यात त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं लिंबू अजून शाबूत होतं. सुकून दगड झालेलं, पण होतं. तारेत ओवलेल्या सात मिरच्या, बिब्बा, काळा दोरा, खाली नारळाची शेंडी, आणि पत्र्यावर कुंकवाची पाच बोटं. प्रत्येक गिरणी खोक्यात जायच्या आधी तो हे करायचा. त्याशिवाय खिळा ठोकू द्यायचा नाही.

त्याने लिंबाला हात लावून कपाळाला लावला. मागे बायकांनी श्वास ओढल्याचा आवाज झाला. त्याने हँडल मारलं. पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडायला लागलं. "बघा!" म्हणून वळला तर अर्धवर्तुळ आंब्याच्या झाडापलीकडे गेलेलं.

आगोगो एकटी जागची हलली नाही. इंजिन बंद झाल्यावर तिने काठीने लिंबू दाखवलं. मिसेस म्वान्झा मध्ये उभ्या राहून दोन्हीकडचं सांगू लागल्या.

"हे कोणी बांधलं?"

"मी!" अंबादास छाती काढून म्हणाला. हे भाषांतर करायच्या आधी मिसेस म्वान्झांनी डोळे मिटून घेतले.

"कशासाठी?"

"नजर लागू नये म्हणून."

"कोणाची?"

"बघणाऱ्याची."

"आणि इथे कोण बघतं?"

अंबादासने इकडे तिकडे पाहिलं. बघणाऱ्या बेचाळीस जणी आंब्यापलीकडे उभ्या होत्या. त्यांनीच पैसे भरलेले. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"तुमच्या गावात पण बांधता?" आगोगोने विचारलं.

"सगळ्या मशीनना. दुकानाला. गाडीला."

"तिथे कोणाच्या नजरेसाठी?"

"शेजाऱ्यांच्या."

आगोगो पहिल्यांदा हसली. पण लगेच गंभीर झाली. इकडे कोणाचं वाईट करायचं असलं, की माणूस असंच काहीतरी लोखंडात ओवून, दोऱ्याने बांधून दुसऱ्याच्या दारात ठेवतो, ती म्हणाली. खोकं उघडलं तेव्हाच बायका दचकल्या होत्या. तरी एनेलेस नावाच्या एकीने हिंमत करून पहिलं दळण दळलं. आठवड्याच्या आत तिच्या मुलीला ताप भरला. मुलगी उठली, पण त्या पिठाला परत कोणी हात लावला नाही.

"काढून टाकतो," अंबादास म्हणाला आणि हात पुढे केला. हात लिंबापाशी जाऊन थांबला. अकरा वर्षांत बांधलेलं कधी सोडलं नव्हतं. त्यालाही आतून भीती वाटली. आजीबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"नुसतं काढून काय?" ती म्हणाली. "आत काय उतरलंय, कोणाला माहीत? बांधलंस तू. तूच यात दळ, तूच खा, आणि पाच दिवस आमच्यासमोर बस. बरा राहिलास तर बघू."

पाच दिवस! एकोणिसाचं विमान चौथ्या दिवशी होतं. मिसेस म्वान्झा म्हणाल्या, "मिस्टर अंबा, जायचं तर जा. मी समजेन." अंबादासने गिरणीकडे पाहिलं, झाडलेल्या जमिनीकडे पाहिलं. "माझ्या घरी फोन करा," तो म्हणाला. तोच तो फोन.

पहिल्या दिवशी त्याने लिंबासकट गिरणीत मका दळला. त्याची घट्ट उकड, सोबत सुकवलेल्या भोपळ्याच्या पानांची दाण्याचं कूट घातलेली भाजी. आंब्याखाली स्टुलावर बसून, सगळ्या गावासमोर तो जेवला. भाजी थेट त्याच्या आईच्या हातची निघाली, पण दुसऱ्यांदा मागायची चोरी. फार खाल्लं तरी लक्षण, कमी खाल्लं तरी लक्षण.

मग बसणं. कामाला जाणारी प्रत्येक बाई वाट वाकडी करून त्याला बघून जाई. म्हातारे समोर बसून त्याच्याकडे शांतपणे पाहत, आपण क्रिकेट पाहतो तसे. त्याचा गुडघा हलायला लागला की कुजबुज होई, आणि हा दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरी. समोरच्या झोपडीचं दार बिजागरीवर किरकिरत होतं. पाना खिशात होता. उठायची सोय नव्हती. पहाटे थंडीने दात वाजत, तर हा जबडा आवळून हसरा चेहरा करी. आम्लपित्त उसळलं तरी इनो घ्यायचं कसं? बुडबुडे येणारं पाणी पिताना कोणी पाहिलं असतं तर कारभारच आटोपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी भर सभेत त्याला उचकी लागली. सगळे ताठ झाले. अंबादासने घाईघाईने मिसेस म्वान्झांना सांगितलं, "आमच्याकडे कोणी आठवण काढली की लागते. माझी बायको आहे."

"चांगली आठवण काढतेय की वाईट?" आगोगोने विचारलं.

अंबादासने पुढची उचकी येऊ दिली. "आवाजावरून, वाईट."

त्या दिवशी बायका जरा जवळ बसल्या.

चौथ्या दिवशी पहाटे मात्र तो जागा झाला तो अंग तापलेलं घेऊन. घसा धरलेला, डोळे चुरचुरत होते. पाकिटात क्रोसिन होत्या. दोन गिळायच्या, तोंड धुवायचं आणि जाऊन बसायचं. दोन दिवसांचा तर प्रश्न होता. सांगितलं तर गिरणी भंगारात, बेचाळीस जणी पुन्हा उखळापाशी, आणि मुंबईचं विमान चुकवलं तेही फुकट. त्याने गोळ्या तळहातावर काढल्या. त्याला राहायला दिलेल्या झोपडीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, असा तो उजाडेपर्यंत फिरत राहिला. मग तळहात तसाच उघडा ठेवून आगोगोच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ओडी."

ताप आलाय, त्याने सांगितलं. गोळी घेऊ का?

गाव गोळा झालं. गर्दीतून एनेलेस पुढे आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला.

"कशाने आला?"

"थंडीने असणार. गरम कपडे आणले नाहीत. आफ्रिकेत उकडतं असं वाटलं."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. एनेलेस हसली नाही.

"माझ्या मुलीलाही थंडीनेच आला होता?"

हो म्हणायला काय जात होतं! सगळं तिथेच मिटलं असतं. अंबादासने तळहातावरच्या गोळ्यांकडे पाहिलं.

"ते मला कसं सांगता येईल, बाई? मी मशीनचा माणूस. माझ्यापुरतं सांगितलं."

एनेलेस त्याच्याकडे बघत राहिली, आणि घरी निघून गेली. आगोगो म्हणाली, "गोळी घे. आजचा दिवस धरायचा नाही. ताप उतरल्यावर पुढचे दोन मोज." थोड्या वेळाने एनेलेसची मुलगी एक गोधडी आणि मिसेस म्वान्झांच्या गावातल्या बहिणीचा गुलाबी स्वेटर आणून त्याच्या मांडीवर ठेवून पळाली. शारजाच्या वर्कशॉपचा इंजिनियर तीन दिवस तो गुलाबी स्वेटर घालून आंब्याखाली बसला. ताप दुसऱ्या दिवशी पहाटेच उतरला.

दोन दिवस पुरे झाले त्या सकाळी, अजून कोणी काही जाहीर केलं नव्हतं तोच एनेलेस मक्याची पाटी डोक्यावर घेऊन शेडपाशी आली आणि झाडलेल्या जमिनीवरून चालत थेट गिरणीसमोर उभी राहिली. "काढ आता ते," ती म्हणाली. अंबादासने पक्कड घेतली. तार त्यानेच सोडली. लिंबू टाकायचं कुठे, यावर सगळ्या त्याच्याकडे बघू लागल्या. "ज्याचं त्याने न्यावं," आगोगोने निकाल दिला, तेव्हा ते त्याच्या बॅगेत गेलं. दुपारपर्यंत शेडपासून आंब्यापर्यंत पाट्यांची रांग लागली. अंबादासने पहिल्यांदा त्या किरकिरणाऱ्या दाराकडे धाव घेतली.

सुलक्षणा आणि शिवानी ठरल्या दिवशी मुंबईला गेल्या होत्या. हा आठवड्याने नाशिकला पोचला आणि सासुरवाडीला जे ऐकायचं ते उभ्याने ऐकलं. सप्टेंबरात सगळे परत आल्यावर बिल्डिंगने त्याला गच्चीवर गाठलं.

"आठ दिवस एका जागी?" सुलक्षणा अजून मानायला तयार नव्हती. "घरी चहाचा कप संपेपर्यंत बसत नाहीत!"

मृणालिनीवहिनींना वेगळंच हवं होतं. "ते राहू दे हो. एवढ्या लांब गेलात अंबादासभाऊ, सिंह, हत्ती, तो मोठा धबधबा, काही पाहिलंत की नाही?"

अंबादास म्हणाला, "नाही, वहिनी. आठ दिवस तिथे बघायची वस्तू मीच होतो."