तात्यांची चौकट मागच्या पानावर

धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका मी स्वतः संगणकावर जुळवणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "का गं? नसरापूरचा छापखाना बंद पडला का?"

बंद पडला नव्हता, चांगला चालू होता. पण त्यांचा तयार साचा मला बघवत नव्हता. कोपऱ्यात दोन मोर, मोरांच्या मध्ये कलश, आणि नावांची अशी दाटी की वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. मी भोरला एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि आमच्या प्रश्नपत्रिका लाटेक नावाच्या प्रणालीत करते. तिच्यात पान डोळ्यांसमोर रंगवत बसायचं नसतं. हा मथळा, ही यादी, हे समीकरण, असं नुसतं लिहून सांगायचं. मग एक कळ दाबली की ती स्वतः मोजमापं घेऊन पान बांधून देते, आणि इतकं देखणं बांधते की माणूस बाकी सगळ्यांच्या छपाईला नाकं मुरडायला लागतो. मी गेली दहा वर्षं मुरडतेय. शिक्षकांच्या खोलीत माझ्या हातात कुणी साधं परिपत्रक देत नाही, कारण मी आधी समास बघते आणि मग मजकूर.

तर अशी मी, सुट्टीत पासलीला घरी आले आणि कामाला बसले.

गणिताला जी प्रणाली मुकाट्यानं राबते ती मराठी म्हटलं की अडून बसते. पहिल्याच दिवशी 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटली. फॉन्ट बदलला तेव्हा गणपती आले, पण वेलांट्या आपापली अक्षरं सोडून शेजाऱ्यांकडे जाऊन बसल्या. त्या परत आणल्या तर लग्नाची तारीख इंग्रजी आकड्यांत. या प्रणालीची चूक सांगायची रीतही खास आहे. ती म्हणते चाळिसाव्या ओळीत बिघाड आहे. चाळिसावी ओळ निष्पाप असते. बिघाड असतो बाराव्या ओळीत, तिथं एक कंस उघडून आपण मिटायला विसरलेलो असतो. मी वर्गात पोरांना "पायरी पायरीनं तपासा" असं सांगते. घरात मी लॅपटॉपला काय काय म्हणाले ते आईनं ऐकलं आणि ती देवघराचं दार लोटून आली.

शिवाय दर थोड्या वेळानं तिला आणखी एखादा जोडसंच, म्हणजे जोडीला लागणारा तयार फाइलींचा गठ्ठा, हवा असायचा, आणि तो इंटरनेटवरून उतरवावा लागायचा. आमच्या घरात मोबाईलला रेंज येते ती फक्त गोठ्याच्या मागच्या दगडावर, तीही फोनवर बोलण्यापुरती. वेल्ह्याचा टॉवर त्या आठवड्यात आजारी होता. म्हणून स्कूटी काढायची, थेट विंझर गाठायचं, चहाच्या टपरीवर बसून जोडसंच उतरवायचा आणि घरी यायचं. घरी आलं की कळायचं, या जोडसंचाला आणखी एक जोडसंच लागतो. तिसऱ्या खेपेला टपरीवाल्यानं विचारलं, "म्याडम, हिकडं बदली झाली का तुमची?"

शेवटी एकदाचं सगळं बसलं. आता राहिली नावं, आणि आमच्याकडे पत्रिका म्हणजे नावंच. मुहूर्त आणि पत्ता ही त्यातली किरकोळ माहिती. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाचं शेजारी, कुणाचं स्वतंत्र ओळीत, यावर भावकीतली माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत किंवा बोलतात. सगळ्यात वरचा मान तात्यांचा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमची आणि त्यांची भिंत एक, अंगण एक. आबा, म्हणजे माझे वडील, साठी उलटूनही बैल घ्यायचा झाला तरी आधी तात्यांकडे बघतात. माझी बहीण तर तात्यांच्याच खांद्यावर वाढली. तिच्या लग्नाचे मुख्य निमंत्रक तात्याच असणार, यात विचारायचं काही नव्हतं.

म्हणून मी त्यांच्या नावाला खास चौकट केली. भोवती आंब्याच्या पानांचं तोरण, मध्ये ठळक अक्षरांत तात्या, खाली काकी. बाकी सगळी नावं साधी, तात्यांचं तेवढं चित्रासारखं. याच आदरानं घात केला. लाटेकच्या हिशेबी चित्र ही सोयीनं हलवायची वस्तू असते. सांगितलेल्या जागी मावलं तर ठीक, नाहीतर ती ते उचलते आणि पुढच्या पानावर जिथं जागा असेल तिथं ठेवते. विज्ञानाच्या पुस्तकात बेडकाची आकृती एक पान पुढं गेली तर बेडकाला काही वाटत नाही.

मी जुळवलं तेव्हा चौकट पहिल्या पानावर नीट मावत होती. मग गोठ्यामागच्या दगडावर मामाचा फोन आला. त्याच्या दोन साडूंची नावं राहिली होती. मी दोन ओळी वाढवल्या आणि कळ दाबली. पडद्यावर आलं: चुका शून्य, इशारा एक. चुका शून्य दिसल्यावर मी जी खूश झाले ती उठलेच. इशारे मी वाचत नाही. लाटेक वापरणारं कुणीच वाचत नाही. फाइल घेतली, नसरापूरला गेले, छापखानेवाल्याला "साच्याला हात लावू नका" असा दम दिला आणि संध्याकाळी पत्रिकांचे गठ्ठे टेम्पोत टाकून घरी आणले.

पहिली पत्रिका हळदकुंकू लावून गावदेवीपुढं ठेवली. दुसरी तात्यांना. त्यांनी चष्मा लावला, पुढचं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग पत्रिका उलटली. मागच्या पानावर, 'येण्याचा मार्ग' आणि एसटीच्या वेळांच्या डोक्यावर, तोरण बांधून तात्या आणि काकी उभे होते.

"छपाई झ्याक हाय," तात्या म्हणाले. पत्रिका घडी करून त्यांनी कोनाड्यात ठेवली आणि ते गुरांना पाणी पाजायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्यासारखे आमच्या ओटीवर चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आबांनी स्वतः कप घेऊन जाऊन बघितलं, तर काकी म्हणाल्या, त्यांचा झाला. लग्नाला पंधरा दिवस राहिले होते. आबा कप तसाच घेऊन परत आले आणि माझ्यापुढं उभे राहिले.

"तात्या आला न्हाई तर म्या मांडवात पाय ठिवनार न्हाई," ते म्हणाले. "आता तूच बग काय ते. छापखान्यातलं मोर चावायला आलते का तुला?"

बहीण रडायला लागली, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मी लॅपटॉप उचलला आणि अंगण ओलांडलं. तात्या आपल्या ओटीवर दावं वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तात्या, ते मी न्हाई केलं. मशिनीनं केलं."

"मशिनीला काय ठावं मी थोरला का धाकला?"

"तिला ठावं न्हाई, म्हणून तर झालं!"

"मंग जिला थोरला-धाकला कळत न्हाई तिच्या हातात पत्रिका दिलीस कशी?"

मी लॅपटॉप उघडून प्रात्यक्षिक सुरू केलं. वर्गातही मी हेच करते. मामाच्या दोन साडूंच्या ओळी पुसल्या आणि कळ दाबली, तोरणासकट तात्या पहिल्या पानावर आले. ओळी परत घातल्या, तात्या मागं गेले. तात्यांचे हात थांबले.

"पुन्यांदा कर."

मी केलं. ते स्वतःला मागंपुढं होताना चारपाच वेळा बघत राहिले.

"म्हंजी कुनीतरी उठलं तर मला जागा हाय," ते म्हणाले. "मंग मामाच्या सोयऱ्यांना काढ."

"चालंल."

"नगं. तुजी आई जेवायची न्हाई. व्याह्यांच्या चुलत्याचं काढ."

"काढू?"

"काढतीस काय! आपली पोरगी जानार हाय त्येंच्यात." ते खाली सरकले. "ही पोरांची नावं?"

"किलबिल. ती काढली तर चार ओळी सुटतील."

"आन पोरं माझ्या अंगणात येऊन काय करत्याल, त्ये ठावं हाय का तुला?"

असं करत तात्यांनी अख्खी भावकी चाळली आणि एकालाही हलवू शकले नाहीत. मग मी सांगितलं की कुणाला उठवायची गरज नाही. ओळींमधलं अंतर जरासं आवळलं की चौकट मावते. मी आवळलं, ती मावली. गठ्ठे अजून वाटले नव्हते, नव्यानं छापून आणते म्हटलं.

"येवढं सोपं व्हतं तर आदी का न्हाई केलंस?"

"मशिनीनं इशारा दिला होता. मी वाचला न्हाई."

तात्यांनी दावं खाली ठेवलं. "तुला वाटतंय मागं छापलं म्हनून मी रुसलो," ते म्हणाले. "ह्या आळीतली एक तरी पत्रिका माझ्या ओटीवर वाचल्याबिगर छापायला गेलीय का? तुझ्या आत्याची, तुझ्या आईची, समद्यांची म्या वाचली. कच्चा कागद घिऊन लोक यायचे. तू न्हाई आलीस. आपल्या घरातली तू, आन मला छापल्यावर कळलं."

मला हे माहीत होतं, हीच खरी शरमेची गोष्ट आहे. लहानपणी त्या वाचनाला मीही बसले होते. पण पडद्यानं चुका शून्य म्हटलं आणि तपासायला आणखी कुणी लागतं हेच माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हणाले, "तात्या, चुकलं माझं." हे वाक्य मी सहसा म्हणत नाही, त्यामुळे ते जरा अडखळतच आलं.

"आता वाचतो," तात्या म्हणाले आणि चष्मा सरसावला.

पडद्यावरून त्यांनी खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. सातव्या नावावर थांबले. "ह्यो तर गेल्या साली वारला. निमंत्रक म्हनून हुबा केलास? पाव्हनं दारातनंच पळत्याल की." मी घाईघाईनं त्याला पुसला. पुढं शेजारी शेजारी छापलेले दोघं बांधावरून चार वर्षं बोलत नव्हते. त्यांच्यात एक सालस माणूस आणून बसवला. चुका शून्य असलेल्या त्या पत्रिकेत तात्यांनी सहा चुका काढल्या. मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते.

शेवटची ओळ वाचून झाली. तात्यांनी पुन्हा वर जाऊन बोट फिरवलं.

"आन तुजं कुठं हाय?"

"काय?"

"नाव तुजं."

मी हसून सांगितलं की माझ्यासाठी खानाच नाही. मुलगे बापाच्या ओळीत येतात, लग्न झालेल्या पोरी जावयांबरोबर येतात, उरलेली किलबिलमध्ये. मी एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, किलबिलमध्ये गेले असते तर माझ्याच वर्गातली पोरं हसली असती. हे सगळं मी विनोदानंच सांगितलं, पण सांगता सांगता हसू विरलं आणि मला माझाच राग आला. नावं जुळवताना मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. मी स्वतःला शोधलंच नव्हतं.

तात्या म्हणाले, "माझ्या चौकटीत घाल. काकीच्या खाली."

मी घातलं. कळ दाबली. चौकट एका ओळीनं वाढली, आणि तोरणासकट आम्ही तिघं पुन्हा मागच्या पानावर, एसटीच्या वेळांवर जाऊन उभे राहिलो.

"थांबा, अंतर अजून आवळते," मी गडबडीनं म्हणाले.

"नगं. अजून आवळलंस तर म्हाताऱ्यांनी वाचायचं कसं?" तात्यांनी पडद्याकडे मान तिरकी करून बघितलं. "ऱ्हाऊ दे मागं. पुढं लई गर्दी हाय. हितं बरं वाटतंय."

"लोक इचारतील, तात्यांना मागं कुणी टाकलं."

"सांगीन, म्याच टाकलं."

"मग तुम्ही लग्नाला येणार ना?" मी विचारलं.

"येडी का काय तू? निमंत्रकच न्हाई आला तर पाव्हन्यांनी कुनाला रामराम घालायचा?" ते पुन्हा दावं वळायला लागले. "आन तू बी कोपऱ्यात बसू नगंस. नाव हाय आता तुजं. दारात माझ्या शेजारी हुबं ऱ्हायाचं."