तंबाखू त्याची, चुना माझा

कोरोनातले किस्से सांगायला बसलं की आमच्या घरात चहा गार होतो. एक संपेस्तोवर दुसरा आठवतो! मी बारामतीत शाळेत गणित शिकवते. शाळा बंद झाल्या आणि मला तालुक्याच्या कंट्रोल रूममध्ये बसवलं. काम एकच. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला फोन करायचा आणि विचारायचं, "कुणाकुणाला भेटलात?" सोबतीला कॉम्प्युटर ऑपरेटर संतोष, आणि आमच्या वर डॉक्टर मॅडम.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एक नाव सुटलं, तर तो माणूस आपल्याला थेट ऑक्सिजनवर भेटेल." तसे दोघंतिघं भेटलेही. त्यामुळं हसता हसताही आम्ही प्रत्येक यादी दोनदा तपासायचो.

*

शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या, पण टेस्ट आमच्याकडं केलेल्या एका पेशंटला फोन लावला. प्रश्न ऐकला आणि त्यानं फोन कट केला. परत लावला.

"बाई, ओटीपी देणार न्हाय मी!"

"अहो, ओटीपी नको. फक्त नावं सांगा."

"आज नावं मागताय, उद्या ओटीपी मागशीला!"

शेवटी इंदापूरच्या कंट्रोल रूमकडून सांगून गावातल्या आशाताईंना त्याच्या दारात पाठवलं. त्यांनाही त्यानं आधी आधार कार्ड दाखवायला लावलं. आशाताई त्याची सख्खी चुलत बहीण!

*

एकदा संतोष खुर्चीतून उठलाच. "मॅडम, सोमेश्वरनगरचा पेशंट पळाला!"

हा पेशंट ऊस वाहणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर. त्याला घरात बसायला सांगितलेलं, आणि स्क्रीनवर त्याच्या फोनचा ठिपका फडातून कारखान्यावर, कारखान्यावरून फडात. पोलिसांनी रस्त्यात ट्रॅक्टर अडवला. तर ड्रायव्हर दुसराच! पेशंटचा फोन केबिनमध्ये स्पीकरला जोडलेला आणि गाणी जोरात चालू. पेशंट घरी गाढ झोपलेला.

बायकोच्या फोनवर त्याला झापलं, तर म्हणाला, "गाणी माझ्या फोनमधी हायेत. गाण्याबिगर ट्रॅक्टर चालतोय व्हय?"

*

कोण कुणाजवळ होतं हे फोनवरून ओळखणाऱ्या ॲपचं तर विचारूच नका. एका वस्तीवरची सगळी माणसं रोज सकाळपासून दुपारपर्यंत एकमेकांना चिकटून बसलेली दिसायला लागली. आता अख्खी वस्तीच क्वारंटाइन करायची की काय, म्हणून मॅडम स्वतः गाडी काढून गेल्या.

माणसं आपापल्या रानात, एकमेकांपासून लांब. फोन मात्र दूध डेअरीतल्या टेबलावर ओळीनं चार्जिंगला! वस्तीवर दिवसा लाइट नसायची आणि इन्व्हर्टर फक्त डेअरीत. रोज सगळ्यांशी समोरासमोर बोलणारा डेअरीवाला तेवढा ॲपमध्ये नव्हताच, कारण त्याच्याकडं बटणांचा फोन. मॅडमनी पहिली टेस्ट त्याची केली.

डेअरीवाला बिचारा घाबरला. म्हणाला, "मॅडम, मंग फोनास्नी सॅनिटायझर मारू का?"

*

नावं लपवणारे पुष्कळ. पण एका गावपुढाऱ्यानं न विचारता भराभर नावं दिली, नंबरांसकट. मी खूश! संतोषनं यादीवर नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "बाई, हे सगळं विरोधी पॅनेल आहे."

गावच्या सहकारी सोसायटीच्या निवडणुकीची कुजबुज तेव्हा चालू होती. मी पुढाऱ्याला परत फोन केला. "खरंच भेटला होता का यांना?"

"भेटलो न्हाय, पण चौदा दिस घरात बसवा की! तेवढंच गाव निवांत."

*

आणि पिंपळीचे तात्या. पॉझिटिव्ह येऊन आमच्या कोविड सेंटरला दाखल झालेले. कुणाकुणाला भेटलात, तर कुणालाच नाही. पण नातवानं फोनमध्ये ॲप टाकून दिलेलं, आणि ॲप सांगत होतं की रोज दुपारी तात्यांच्या फोनजवळ थोरल्या भावाचा, आबांचा फोन असतो.

"त्याचं नि माझं बोलणं न्हाय," तात्या म्हणाले. "बांधावरनं कोर्टात गेलोय आमी. साऱ्या गावाला ठावं हाय."

आबांना फोन केला. त्यांचंही तेच उत्तर, पण मध्ये मध्ये खोकला. शुगर असलेला म्हातारा माणूस, आणि टेस्टला यायला तयार नाही. मी परत तात्यांना फोन लावला.

"तात्या, आबा खोकतायत. टेस्टला नको म्हणतायत."

तात्या म्हणाले, "लिव्हा. रोज दुपारी त्याच बांधावर बसतो आमी. बोलत न्हाय. तंबाखू त्याची, चुना माझा. मळणारा हात बी एकच."

हे मी आबांना सांगितलं.

"त्यानं सांगितलं?"

"हो."

"त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं?"

"हो, आबा."

"मंग पाठवा गाडी."

आबा पॉझिटिव्ह निघाले. त्याच सेंटरला आले आणि तात्यांच्या शेजारच्याच कॉटवर, ऑक्सिजन लावून. तिसऱ्या दिवशी मला तात्यांचा फोन. आवाज रडवेला.

"बाई, ह्या शेजारच्याला सांगा, मास्क सारखा काढू नगं म्हणावं."

"तात्या, हात लांब केला तर त्यांना लागेल! तुम्हीच सांगा की."

"बोलणं न्हाय आमचं."

काय करता! मी आबांना फोन लावला, निरोप दिला. आबा धापा टाकत म्हणाले, "लावला म्हणावं. आन त्याला ईचारा, सकाळधरनं डबा तसाच हाय, जेवत का न्हाय?"

मी परत तात्यांना फोन लावला. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तेच म्हणाले, "ऐकलं मी. जेवतो म्हणून सांगा त्याला."