माळ्यावरच्या चपला

हे मी अजून कुणापाशी बोललो नाही. बायकोला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांनाही माहीत नाही – असं मी परवापर्यंत धरून चाललो होतो. तुम्ही माझे कोणी लागत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. मघापासून चारदा उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो.

चपलांपासून सुरुवात करतो.

एप्रिल लागला की कारध्याहून ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं – "बाबाच्या चपला वर टाकल्या काय रे?" मग मी स्टूल घेतो, वडिलांच्या चपला पेपरात गुंडाळतो आणि माळ्यावर, भांड्यांच्या पोत्यामागे ठेवतो. पाऊस लागेपर्यंत त्या तिथंच. तोवर आमचे बाबा, सत्तरी ओलांडलेले, सारा जन्म बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलणी-रोवणी केलेले, घरात अनवाणी फिरतात. उंबऱ्यापर्यंत येतात, तापलेल्या अंगणाकडे बघतात आणि मागे फिरतात. सानगडीच्या बाजाराला जायचं तर मी गाडीवर नेतो, तेही ऊन उतरल्यावर. गावात कुणाला यात काही वावगं वाटत नाही. उलट मला चांगलं म्हणतात. म्हाताऱ्याचा भरवसा नाही, मे महिन्यात भरदुपारी बांधीत गेला होता, मरता मरता वाचला, पोरगा आहे म्हणून सांभाळतोय. बाबासुद्धा असंच सांगतात. पाहुणा आला की मान खाली घालून सांगतात, "चूक माहीच झाली. कांदा बी नाही घेतला खिशात."

आमच्याकडे उन्हाळ्यात, ऊन लागू नये म्हणून, खिशात कांदा टाकल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. बाबा तर कधीच नाही. हे पुढे लागेल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

चार हिवाळ्यांपूर्वी नागपूरची माझी नोकरी सुटली आणि मी घरी आलो. आई आधीच गेली होती, माझं लग्न झालं नव्हतं. घरात बाबा आणि मी, दोघंच. येताना एक लोखंडी मांडणी आणली होती, तिच्यावर सहा ग्राफिक कार्डं. त्यांनी रात्रंदिवस गणितं करायची आणि त्या बदल्यात आभासी नाणी कमवायची – मायनिंग म्हणतात त्याला. गावात मी फक्त 'कॉम्प्युटरचं काम' म्हणून सांगितलं. बाबा तेवढ्यावरच खूश होते. चालू इस्त्रीला हात लावून बघा, एकेक कार्ड तसं तापायचं. हिवाळाभर ठीक चाललं. मार्च संपता संपता कार्डं आपोआप बंद पडायला लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. नोकरी गेलेल्या माणसाला हातातली एक वस्तू बंद पडलेली बघवत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. आज सांगणार नाही.

आमच्या घरात थंड खोली एकच. मागची, मातीच्या भिंतींची, वर कवेलूचं छप्पर, खिडकी बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, अंगाला. त्या खिडकीत कुलर. ती बाबांची खोली. पुढची खोली स्लॅबची, आमच्या घरातली एकुलती पक्की, आणि मे महिन्यात तिच्यात भट्टी नुसती. मी बाबांना म्हटलं, आठ दिवस पुढे झोपा, मला मशीन मागे लावू द्या. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. स्वतःच खाट उचलली.

बाबा पुढे झोपतात हे ताईला कळलं तशी तिनं त्यांच्यासाठी नवा कुलर पाठवला. तो टेम्पोतून उतरला तेव्हा बाबा शेजारच्या अंगणात बसले होते. मी तोही मागच्या खोलीत नेला, मशीनच्या तोंडाशी ठेवला आणि बाबांना सांगितलं, मोटर खराब निघाली, बदलून आणायची आहे. किती सहज बोललो. ते म्हणाले, "काई घाई नाई, पंखा हाये न."

आता एक गोष्ट, जी विदर्भात शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. कुलर चालू असला की दार उघडं ठेवायचं. आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होऊन बसते. मागच्या खोलीला खिडकी एक आणि दार एक. ते दार कुठं उघडतं? पुढच्या खोलीत. बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी.

म्हणजे सहा कार्डांची सगळी धग, कुलरचा ओलावा घेऊन, त्या दारातून बाहेर पडायची आणि बाबांच्या अंगावरून जायची. मला हे माहीत नव्हतं? मीच तर दाराला वीट लावून ठेवायचो, ते वाऱ्यानं लोटलं जाऊ नये म्हणून.

तो दिवस. सकाळीच ऊन चटके देत होतं. बाराच्या सुमाराला मागच्या खोलीची लाइन गेली. आमच्या बोर्डावर चिनी मातीचे दोन जुने फ्यूज, एक मागच्या खोलीचा, एक पुढच्या. मागचा तडकून काळा पडला होता. नवा आणायला सानगडीपर्यंत जावं लागलं असतं, गाडीवर फार तर पंधरा मिनिटं. पण बाहेर बघितलं आणि निघायचा जीव होईना. ऊन उतरलं की जाईन म्हटलं. आणि तोवर – पुढच्या खोलीचा फ्यूज उपसला आणि मागच्या जागी बसवला.

मशीन चालू झाली. दोन्ही कुलर चालू झाले. पुढचा पंखा थांबला.

बाबांना तेव्हाच कमी ऐकू यायचं, कुलरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नसे. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "लाईन गेली काय रे बाबू?"

मी म्हटलं, "हो, गेली. येईन इतक्यात."

मग जरा वेळानं, "बाहेर निंबाखाली खाट टाकून देतं काय? लय उबून राहिलं इथं."

मी खुर्चीवरून उठलो नाही. "बाहेर लू चालू हाये," म्हणून ओरडलो, "तिथंच पडून राहा."

ते पडून राहिले. आयुष्यभर कुणाचं न ऐकणारा माणूस त्या दुपारी माझं ऐकून पडून राहिला. आणि मी? माझ्या समोरच्या पडद्यावर सहाही कार्डांचं तापमान दिसत होतं. तिसरं कार्ड जरा जास्त तापतं म्हणून मी कुलरचं तोंड थोडं वळवलं. दोनदा पाणी भरायला उठलो. दोन्ही वेळा बादली घेऊन बाबांच्या खाटेजवळूनच गेलो. दुसऱ्या वेळी ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, झोपेत आहेत. वाटलं की वाटून घेतलं?

साडेचारला बाहेर आलो तेव्हा त्यांचे डोळे अर्धे उघडे होते आणि ते आईशी बोलत होते. अंगाला हात लावला. घामाचा टिपूस नाही, कातडी कोरडी आणि तापलेली.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं. मी आधी पाणी आणलं नाही. आधी बोर्डाकडे धावलो. मशीन बंद केली, फ्यूज काढला आणि पुढच्या खोलीला परत लावला. पंखा फिरायला लागला. मग खाटेखालच्या त्यांच्या चपला ओढून काढल्या आणि बाहेर पायरीवर नेऊन टाकल्या, एक सुलटी, एक उलटी, घाईत उतरवल्यासारख्या. खुंटीवरचा दुपट्टा घेतला, त्यांच्या गळ्यात अडकवला. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आणि मग, हे सगळं झाल्यावर, शेजारच्या काकूंना हाक मारली आणि बाबांच्या डोक्यावर पाणी ओतलं.

किती वेळ गेला असेल यात? दोन मिनिटं, तीन मिनिटं. कुणी मला विचारलं नव्हतं अजून. कोणी समोरही नव्हतं. माझ्या डोक्यात ते सगळं तयार होतं आणि हात आपोआप चालले.

काकू काशाची वाटी घेऊन धावत आल्या, तळपाय घासायला बसल्या. त्यांनी विचारलं, "कुठी गेले होते उन्हाचे?" घरात बसल्या माणसाला ऊन लागतं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ऊन बाहेर गेलेल्यालाच लागतं. मला काही रचावंसुद्धा लागलं नाही.

"बांधीत," मी म्हटलं. "उन्हाळी धानाचं पाणी पाहाले. मी नको म्हटलं होतं."

बाबांना साकोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथून भंडाऱ्याला. तिथल्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. ताई कारध्याहून नदीचा पूल ओलांडून आली, पदर तोंडाला लावून. तिनं विचारलं, "खिशात कांदा होता काय?" मी मान हलवून नाही म्हटलं. ती आयसीयूच्या काचेकडे बघत म्हणाली, "इतका कायले हट्टी हाये हा माणूस." तिच्या शेजारी उभा राहून मीही मान डोलावली.

कपडे आणायला म्हणून संध्याकाळी घरी आलो आणि पहिलं काम काय केलं? ताईचा कुलर पुढच्या खोलीत आणून खाटेजवळ ठेवला. दुसरं काम – मागची मशीन पुन्हा चालू केली. बाबा दवाखान्यात होते तितके दिवस ती त्यांच्या खोलीत चालू होती. पुढे ताई गावी आली, तो कुलर बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. "एवढा कुलर घरात असतानी कोणी बाहेर जाते काय?"

बाबा वाचले. बोलणं जड झालं, चालताना तोल जातो. त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं, आणि आम्ही सांगितलं. ताईनं सांगितलं, काकूंनी सांगितलं, सगळ्यांत जास्त मी. इतक्यांदा ऐकल्यावर त्यांना ते दिसायला लागलं. आता ते स्वतः सांगतात, बांधीच्या पाळीवर पाणी फुटलं होतं, एक बगळा उभा होता, मी वाकलो अन् डोळ्यापुढं अंधारी आली. बगळा मी कधी सांगितला नव्हता. तो त्यांनी आपला आपण आणला. मला त्या बगळ्याची भीती वाटते.

मशीन मी पुढच्या हिवाळ्यात विकून टाकली. बाबांना त्यांची खोली परत मिळाली, खिडकीत कुलर, खोलीत कुलर. लग्न झालं. बायको तर माझ्यापेक्षा कडक. बाबा उंबऱ्याशी दिसले की हातातलं काम टाकून जाते. मला कधीकधी वाटतं, चपला खाली काढाव्यात, त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि म्हणावं, जा, बोडीपर्यंत फिरून या. पण मग ताई विचारेल, बायको विचारेल, काय झालं रे अचानक? आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ एकच उत्तर आहे. म्हणून मी दर वर्षी स्टुलावर चढतो.

परवा ताईचा फोन येऊन गेला. बायको मागे कपडे वाळत घालत होती. बाबा खाटेवर बसले होते, मी त्यांच्या चपला शोधत होतो. ते म्हणाले, "बाबू, एक पुसू काय?"

"पुसा न."

"तवा लाईन गेली होती न? तू म्हटलं होतं, लाईन गेली."

मी दारामागे चपला शोधत राहिलो.

"मंग ते हवा कुठून येत होती? माह्या पायावर. गरम हवा. ओली."

ते रागानं बोलत नव्हते. हरवलेली वस्तू घरातल्या माणसाला विचारतात, तसं विचारत होते. उत्तर जवळच होतं. दार पाच पावलांवर होतं, त्याला टेकवायची वीट अजून कोपऱ्यात पडली होती. मला फक्त तिकडे बोट दाखवायचं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमी तवा बांधीत होते. ते लू असन."

त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाले, "हो. मंग बांधीतलीच असन. माहं डोकंच चालत नाई आता."

त्यांनी खाली वाकून, खाटेला धरून, खाटेखालून चपला काढल्या. तळव्यानं त्यांच्यावरची धूळ पुसली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या.

"ठेवून दे वर," म्हणाले. "नाईतर मी जाईन अजून."

मी स्टूल आणला आणि त्या वर ठेवल्या.